गिरणीचा फोन धडधाकट होता

मळेवाडी, ९ जानेवारी

नंदू,

माणूस मेल्याचा दाखला लागतो हे मला माहीत होतं. तो मी ग्रामपंचायतीतून आणून दिला. आता कोर्ट म्हणतंय फोन जिवंत होता म्हणूनही दाखला आणा, आणि तोही मीच द्यायचा. म्हणजे मी लिहून द्यायचं की गिरणीचा फोन त्या दिवशी धडधाकट होता, माझ्याच ताब्यात होता, रोजच्या कामाला मी तोच वापरत होते. खाली सही. ही सही नसली तर वैजूचा आवाज कोर्टात वाजणारच नाही. दोन वर्षं होत आली, मी त्या पायऱ्या चढते-उतरते, एकानं तोंड उघडलं नाही. फौजदारानं आवाज पेनड्राइव्हवर उतरवून घेतला तेव्हा म्हणाला, झालं बाई तुमचं काम. काय झालं डोंबल.

तू चुलतभाऊ, पण आमच्याच ताटात वाढलास. साताऱ्याच्या कोर्टात कारकुनी करून केस पिकवलेस. तुला हे ठाऊक असणार. तू का नाही बोललास?

परवाचं ऐक. मला पिंजऱ्यात उभं केलं. भास्करचा वकील म्हणजे मधात बुडवलेला माणूस. बाई, बसता का, पाणी देऊ का. मी म्हटलं, मला गिरणी उघडायची आहे, विचारा लवकर.

तो म्हणाला, "विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीमागं पोत्यात गुंडाळलेली पहार आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वैजूनं."

"म्हणजे वैजयंता, तुमची मयत बहीण. आरोपीची बायको. बरं, कधी सांगितलं?"

"दहाव्याला."

"कुणाच्या दहाव्याला?"

"तिच्याच."

सगळं कोर्ट हसलं. बाकावर दुसऱ्या खटल्याची माणसं होती, तीही हसली. भास्कर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, तो खाली मान घालून हसला. जज्ज तेवढे हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून सरकारी वकीलबाईंना विचारलं, या आवाजाला दाखला जोडलाय का. बाई कागद चाळायला लागल्या. नव्हता.

मग तो मधातला वकील उभा राहिला. म्हणाला, आवाज बाजूला ठेवा, तो पुराव्यात धरता येत नाही. मग उरते पहार. तिला रक्त लागलेलं आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण ती कुठं ठेवलीय हे साऱ्या गावात एकाच माणसाला माहीत होतं. आणि त्यानं माझ्याकडं हात केला.

नंदू, मी अडाणी आहे पण मला तेवढं कळलं. आवाज गेला तर भास्कर सुटतो. आणि तो सुटला की सगळे माझ्याकडं बघणार.

मी म्हटलं, मग फोनच आणते, दाखला कशाला. तर फोन प्रयोगशाळेत तपासायला गेला होता, तिकडून परत आला तो उघडतच नाही. आता जे आहे ते त्या पेनड्राइव्हवर. म्हणून दाखला. साक्ष अर्धी राहिली, पुढची तारीख दहा फेब्रुवारी.

साक्ष अर्धी असताना फोनवर बोलू नकोस म्हणालास म्हणून हा कागद. सही करू का, आणि तो "धडधाकट" शब्द काय आहे, ते नीट लिही.

शालन


सातारा, १५ जानेवारी

ती. शालनअक्कास,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाक. मी कोर्टाचा नोकर आणि तू साक्षीदार, आपले असे लिहिणेही बरे नाही. पण तुला एकटे कसे सोडू.

दाखल्याचे असे आहे. कागदावर खाडाखोड केली तर दिसते. फोनमधल्या गोष्टीत खाडाखोड केली तर दिसत नाही. म्हणून कायदा म्हणतो, यंत्र ज्याच्या हातात होते त्याने पुढे येऊन जबाबदारी घ्यावी. नव्या कायद्यात त्याचे दोन भाग आहेत. भाग अ तू भरायचा. भाग ब तज्ज्ञ भरतो. प्रत्येक फाईलला माणसाच्या अंगठ्यासारखा एक ठसा असतो, तो तज्ज्ञ त्यात लिहितो, म्हणजे पुढे कुणी बदल केला तर कळावा. "धडधाकट" म्हणजे एवढेच की त्या वेळी यंत्र नीट चालत होते आणि जे त्यात गेले तेच त्यातून बाहेर आले. उशिरा दिला तरी कोर्ट बहुधा घेते. घाबरू नकोस.

खरी अडचण दाखल्याची नाही, तारखेची आहे. रेकॉर्डिंग दहाव्या दिवसाचे आहे. जो बोलतो तो त्या दिवशी हयात असावा लागतो. तेव्हा तू एवढेच म्हण. वैजूने जिवंतपणी पाठवलेला निरोप जुन्या फोनमध्ये होता. तो तू नदीवर वाजवलास आणि गिरणीच्या फोनमध्ये धरलास. ते शेवटचे वाक्यही त्याच निरोपातले. जुना फोन नाही, त्यामुळे तुला खोटे पाडायला कुणाकडे काही नाही. एका वाक्याचा प्रश्न आहे, अक्का.

एक विचारायचे राहिले. तिच्या त्या शेवटच्या वाक्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये आणखी काही आहे का? काही ऐकू येते का? असेल तर तेवढा तुकडा दाखल करायला लावू नकोस. तो नुसता गोंगाट असणार, त्याने घोळ वाढेल.

इकडे ठीक. आमच्या टेबलाजवळच्या खिडकीत एक कावळा रोज येऊन बसतो. शिपाई हाकलतो, तो परत येतो. माझ्याकडेच बघतो असे शिपाई चेष्टेने म्हणतो. सहज लिहिले.

तुझा,
नंदकुमार


मळेवाडी, २० जानेवारी

नंदू,

तू एका वाक्याचा प्रश्न म्हणतोस. सगळा खटला त्या एका वाक्यावर उभा आहे आणि तेच मी खोटं सांगू?

वैजूचा तो निरोप मला पाठ आहे. ती गेल्यावर मी तो किती वेळा ऐकला याला हिशेब नाही, जात्याच्या आवाजात कान लावून ऐकला. "अक्का, मी वैजू. पुनवेला येत नाही बघ, शेडवर बेदाणा काढायचाय. तुझा दळणाचा डबा माझ्याकडंच राहिलाय, आणते नंतर. ठेवते." संपलं. त्यात पहार नाही, पेटी नाही. त्यात हसणं आहे एवढंसं, डब्याचं बोलताना. तो निरोप आला तेव्हा तिला मरायचं आहे हे तिलाच ठाऊक नव्हतं. विहिरीत पाय घसरला असं भास्करनं सांगितलं आणि आपण सगळ्यांनी ते मानलं. तूही मानलंस.

आता दहाव्याचं. तू तिथं होतास, पण मी सांगते, म्हणजे तुझ्याही ध्यानात राहील. पिंड ठेवला. कावळे पलीकडच्या बाभळीवर ओळीनं बसलेले. एक हलेना. भास्कर हात जोडून म्हणाला, तुझ्या नावानं देवळाला घंटा देतो. हलेना. सासू म्हणाली, तुझ्या माहेरच्यांना अंतर देणार नाही. कावळ्यानं मानसुद्धा वळवली नाही. ऊन चढलं, माणसं चुळबुळायला लागली, कुणी घड्याळ बघतंय, कुणाची गाडी आहे. भटजी म्हणाला, दर्भाचा कावळा करू आणि मोकळे होऊ.

मी म्हटलं, थांबा. दुसऱ्यांचं ऐकायचं नसेल तर स्वतःचं तरी ऐकेल. जुना फोन काढला आणि पिंडाजवळ धरून तिचा निरोप लावला. त्या फोनची काच फुटलेली, आज-उद्या बंद पडणार, म्हणून दुसऱ्या हातात गिरणीचा फोन धरला, की तिचा आवाज त्यात तरी राहील. निरोप संपला. मी जुना फोन बंद केला. दुसरा चालूच राहिला, माझ्या ध्यानात नाही. मी पाण्याकडं बघत होते. मला काही ऐकू आलं नाही. आणि मग कावळा आला. सरळ आला, इकडंतिकडं न बघता, आणि पिंड फोडला. सगळ्यांनी हात जोडले.

भास्करची बायजाकाकी माझ्या कानाशी आली. म्हणाली, ज्या आवाजाला ती आली तो घरात ठेवू नकोस, पिंडाबरोबर पाण्यात सोड, नाहीतर ती उंबऱ्याशी घुटमळेल. मी जुना फोन सोडला. आता सगळे मला मूर्ख म्हणतात. तिथं उभे होते तेव्हा कुणी म्हणालं नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं, तुलाही वाटलं असणार.

आठवडा गेला. दुपारी वीज गेली, गिरणी थांबली. भट्टीसारखं ऊन. मी पोत्यावर बसले आणि म्हटलं, वैजूला ऐकू. लावला. पाण्याचा आवाज, कावळे, कुणीतरी खोकलं. तिचा निरोप झाला. "ठेवते." मग मी फोन बंद केल्याचा टक असा आवाज. आणि मग नदी थांबली. नंदू, नदी थांबली. पाणी नाही, कावळे नाहीत, माणसं नाहीत. मला वाटलं फोन बंद पडला. आकडे मात्र पुढं सरकत होते. आणि वैजू बोलली.

"अक्का, माझा पाय घसरला नाही. मोटारीच्या पेटीमागं बघा."

रडत नव्हती. डबा राहिलाय म्हणाली त्याच आवाजात.

मी गिरणीला कुलूपसुद्धा लावलं नाही, तशीच फौजदाराकडं गेले. त्यांनी पेटीमागं बघितलं. पोतं निघालं, पहार निघाली, तिच्या बांगडीची काच निघाली.

आणि आणखी ऐक. प्रयोगशाळेचा कागद वकीलबाईंनी वाचून दाखवला. आवाज कुठं तोडला-जोडला नाही. तिच्या हळदीच्या व्हिडिओतला आवाज लावून बघितला, तोच निघाला. निरोप फोनच्या छोट्या कर्ण्यातून आल्यासारखा वाजतोय. पण शेवटचं वाक्य तसं नाही. ते बोलणारं माणूस उघड्यावर, फोनपासून हातभर लांब आहे. वकीलबाईंनी हे वाचलं आणि कागद पालथा ठेवला. मग त्यांनी शिपायाला पंखा बंद करायला सांगितलं. चालू नव्हता.

तेव्हा मी खोटं सांगणार नाही. फोन धडधाकट होता का, होता. जे त्यात गेलं तेच बाहेर आलं का, आलं. एवढं मी लिहून देईन. मला पाहिजे ते वेगळंच. तिथं उभं राहून ऐकलेलं एक तरी माणूस. तू पिंडाच्या अगदी जवळ होतास, माझ्या डाव्या हाताला. तू काही ऐकलंस का, एवढं सरळ लिही.

कावळ्याला भाकरी टाकत जा. हाकलतोस कशाला.

शालन


सातारा, २६ जानेवारी

ती. शालनअक्कास, सा. न.

आज सुट्टी आहे म्हणून निवांत लिहितो.

मी काही ऐकले नाही. मी जवळ नव्हतो, पाण्यात पाय धुवायला उतरलो होतो. तुझा काहीतरी घोटाळा होतो आहे.

आता कटू बोलतो, राग मानू नकोस. आजकाल कुणाचाही आवाज बनवून मिळतो. एखाद्या मोबाईलच्या दुकानदाराला दोन जुने निरोप दिले की तो मेलेल्या माणसाला हवे ते बोलायला लावतो. प्रयोगशाळेलाही ते ओळखता येतेच असे नाही. तू असे केले आहेस असे मी म्हणत नाही. पण भास्करचा वकील म्हणणार. तो विचारेल की तुला पेटीमागचे आधीच कसे कळले, आणि ते सांगायला तुला बहिणीचा आवाज का लागला. पहार सापडली तेव्हा तुझा भास्करवर संशय होताच, होय ना? मग माणूस काय करेल आणि काय नाही.

म्हणून सांगतो, ते शेवटचे वाक्य काढून टाकायला लाव. वकीलबाईंना म्हण की निरोपापर्यंतच दाखल करा, पुढचे नको. पहारीचे पोलीस बघून घेतील. तुझ्यावर काही येणार नाही, मी माहिती काढली आहे.

मला यात ओढू नकोस. मार्चमध्ये माझी बढती आहे. कोर्टातल्या माणसाने पिंजऱ्यात उभे राहून असले काही सांगितले तर उद्यापासून मला फाईल कोण देईल? लोक तोंडावर हसतील, आणि पाठीमागे हसणार नाहीत, ते अधिक वाईट.

तू विचारलेस म्हणून सांगतो, भाकरी टाकली. खात नाही. त्या खिडकीला मी आता पुठ्ठा लावला आहे.

पुन्हा एकदा विचारतो, वाक्यानंतर काही आहे का, याचे उत्तर तू दिले नाहीस.

नंदकुमार


मळेवाडी, ३१ जानेवारी

नंदू,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला कालपर्यंत माहीत नव्हतं. आता आहे.

मी बनवून आणलं म्हणतोस. मला फोनवर दळणाचे पैसे आलेले बघायला शेजारणीची पोरगी लागते, आणि मी मेलेलं माणूस बोलतं करणार. बरं, ते सोड. त्या एका ओळीसाठी मी तुझ्याशी वर्षभर बोलले नसते, पण पुढं जे आहे त्यापुढं ते काहीच नाही.

काल दाखल्यावर सही करायला वकीलबाईंकडं गेले. भाग अ. त्या म्हणाल्या, सही करण्याआधी एकदा नीट ऐका, आपण कशाला सही करतोय ते कळलं पाहिजे. बाई वयानं लहान आहे पण रीत चांगली आहे तिची. त्यांनी कानाला लावायचं ते मोठं यंत्र दिलं, दोन्ही कान बंद होतात असलं. मी आजवर फोनच्या कर्ण्यावरच ऐकलेलं. जात्यानं निम्मा कान गेलाय माझा, हे तुला माहीतच आहे.

भर दुपार होती. बाहेर चहावाला ओरडत होता, ते यंत्र लावल्यावर तो गेला. नदी आली. निरोप झाला, टक झालं, नदी गेली. वैजू बोलली. मी यंत्र काढायला गेले, तर वकीलबाईंनी माझा हात धरला. त्यांनी दुसरं यंत्र लावलं होतं. म्हणाल्या, थांबा, अजून आहे.

ती बोलून गेल्यावर एक माणूस खाकरला. बोलण्याआधी घसा साफ करतो तसं. आणि हळू म्हणाला,

"बघतो, चिमणे. तू जा आता."

त्यानंतर नदी परत आली, आणि लगेच पंखांचा आवाज.

वैजूला चिमणी कोण म्हणायचं, नंदू? ती लहानपणी ताटात अर्धी भाकरी ठेवून उठायची म्हणून. आई नाही म्हणायची, मी नाही म्हणायची. भास्करला तर ते नाव माहीतही नाही. आणि बोलण्याआधी खाकरायची खोड या घरात एकालाच आहे. दहावीच्या तोंडी परीक्षेत मास्तरांनी तुला त्यावरून हाकललं होतं.

वकीलबाईंनी विचारलं, हा कोण? मी म्हटलं, सांगते, आधी त्याला विचारू दे. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण तो माणूस मिळाला तर सगळं बदलतं. आवाज कुणी घरात बसून बनवलेला नाही, नदीवर तो बोलला गेला आणि उभ्या माणसानं तो ऐकून उत्तर दिलं, हे सांगणारा माणूस. त्याला शपथेवर एवढंच सांगायचं आहे. मेलं माणूस कसं बोललं हे सांगायचं नाही, ते कोर्टानं बघावं. मी पुन्हा पुन्हा ऐकलं. ज्या जागी नदीसुद्धा नाही, भास्कर नाही, भटजी नाही, मी तिच्यापासून हातभरावर उभी असून मीही नाही, त्या जागी तुम्ही दोघंच आहात.

मला आधी वाटलं तू मला वाचवायला तो तुकडा काढायला सांगतोयस. कोर्टातला माणूस आहे, त्याला जास्त कळतं. आता कळलं कुणाला वाचवत होतास.

तू तिला "बघतो" म्हणालास. त्या शब्दावर ती उठून गेली, नंदू. भास्करनं घंटा कबूल केली तेव्हा नाही, सासूनं माहेर कबूल केलं तेव्हा नाही. तुझ्या शब्दावर कावळा शिवला. आणि तू पाय पुसलेस, जेवलास, एसटी धरलीस आणि सातारला गेलास. पेटीमागं बघा म्हणून सांगायला नंतर मी गेले, आणि आज पहार माझ्या अंगावर आहे.

तू घाबरलास, हे मला कळतं. तुला वाटलं असेल आपल्याच डोक्यात वाजलं, बाकी कुणी मान वर केली नाही. पण आता ते तुझ्या डोक्यात नाही. ते पेनड्राइव्हवर आहे, त्याला ठसा आहे, तज्ज्ञानं तो लिहून दिलाय. मी खाली सही केली. फोन धडधाकट होता. त्यानं होतं तेच धरलं, कमी नाही, जास्ती नाही.

तुझी बढती जाईल असं म्हणतोस. जाईल कदाचित. मी काय सांगू. तिच्या नवऱ्यानं तिला पहारीनं मारून विहिरीत टाकलं आणि तो इस्त्री करून कोर्टात येतो, एवढं मला दिसतं.

दहा तारखेला मी परत पिंजऱ्यात उभी राहणार. तू आलास तर वकीलबाई त्याच्या आधी अर्ज देतील आणि तुझी साक्ष लावतील. तुझ्या आवाजाचा नमुना घेतील, त्याला नाही म्हणू नकोस. नाही आलास तर मला नाव विचारतील आणि मी सांगेन. मी शपथ घेतलेली आहे. तुझ्यासाठी मोडणार नाही.

आणि हे कोर्टासाठी नाही, माझ्यासाठी विचारते. ते कळल्याशिवाय मला आता नदीवर जाववत नाही. तू तिला "तू जा आता" म्हणालास. समोर कुणी उभं असल्याशिवाय माणूस जा म्हणत नाही. मी तिथं पाण्याकडं बघत होते, तू कुणाकडं बघत होतास? ती कशी दिसत होती, आणि माझ्याकडं बघत होती का?

शनिवारी, सहा तारखेला पोस्टमन माझ्या दारात येतो. त्याच्या हातात तुझं उत्तर पाहिजे.

शालन